सरड्याची धाव कुंपणापर्यंतच का? बागेतल्या सरड्याचं जेवण बघायला शिकताना

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेटपासून पंपाच्या खोलीपर्यंत ड्युरांटा नावाच्या झुडपाचं कुंपण आहे. मोजून २२ पावलं. गेल्या उन्हाळ्यात त्यावर तीन नर सरडे होते. माद्या किती होत्या ते सांगता येणार नाही, त्या नीट दिसतच नाहीत. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण एखाद्याची कुवत काढायची असली की म्हणतो. तीन वर्षं त्या कुंपणासमोरच्या बाकड्यावर सकाळचा चहा घेतल्यावर मला वाटायला लागलंय की ज्याने ही म्हण केली त्याने सरडा अर्धाच बघितला. सरडा कुंपणापर्यंत धावतो हे खरं, पण ती परतीची धाव असते. त्याआधी तो खाली उतरलेला असतो, दोन-तीन हात पळून काहीतरी तोंडात धरलेलं असतं आणि मग तो आपल्या जागेवर परत येतो. ती पहिली धाव आपल्याला दिसत नाही, कारण ती जेमतेम सेकंदाची असते आणि आपण त्या वेळी मोबाइल बघत असतो.

ती पहिली धाव ज्यांना बघायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. सरडा पाळायचा कसा, यावर इथे काही नाही. तो पाळू नये असंच माझं मत आहे, कारण पुढे येईलच. खर्च शून्य. फार तर एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, आणि एक वही.

पायरी १: समोर कोण आहे ते आधी ओळखा

मुंबईच्या कुठल्याही कंपाउंडात तीन प्रकारचे भिडू असतात आणि तिघांची जेवायची रीत वेगळी.

पहिला बागेतला सरडा, शास्त्रीय नाव कॅलोटेस व्हर्सिकलर. मानेपासून पाठीवर काट्यांची रांग, खरखरीत खवले, आणि शेपूट धडाच्या दुपटीहून लांब. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात. इंग्रजांनी त्यामुळेच त्याला ‘ब्लडसकर’ म्हटलं, आणि आपल्याकडेही ‘तो लांबून रक्त शोषतो’ ही समजूत आहेच. आमचे वॉचमनकाका पहिल्या दिवशी मला म्हणाले, “ताई, एवढ्या जवळ नका बसू, तो बघत बघत रक्त ओढतो.” मी म्हटलं, “काका, तुम्ही गेली आठ वर्षं त्याच्या समोर खुर्ची टाकून बसता, तुमचं किती ओढलं?” ते हसले, पण खुर्ची थोडी मागे घेतलीच.

दुसरी सापसुरळी, म्हणजे कित्येकांच्या घरात जिला सापाची मावशी म्हणतात ती. गुळगुळीत, चकचकीत, मान जवळपास नसल्यासारखी, पाय आखूड. जमिनीवर, पालापाचोळ्यात, कुंड्यांच्या मागे.

तिसरी पाल. तिची ओळख करून द्यायची गरज नाही.

तिघांपैकी कुणीही विषारी नाही. सापसुरळी चावली तर माणूस मरतो हे आमच्या आजीनेही सांगितलं होतं. आजीच्या बाकीच्या गोष्टी खऱ्या निघाल्या, ही नाही निघाली.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवू. टीव्हीवर हातभर जीभ फेकून माशी पकडणारा जो दिसतो तो शॅमेलिऑन. रंग बदलण्यावरून आपण दोघांना एकच समजतो, पण आपल्या कुंपणावरच्या सरड्याची जीभ आखूड आणि जाड असते. ती बाणासारखी सुटेल म्हणून वाट बघत बसलात तर निराश व्हाल.

नावाचा विषय निघालाच आहे तर: साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेले सरडे मिळतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली आणि तिचं नाव ठेवलं चक्क ‘सरडा’. लॅटिन वळणाच्या त्या सगळ्या यादीत हा आपला शब्द बघून मला उगाचच बरं वाटतं.

पायरी २: जागा आणि वेळ

सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथे तुम्ही रोज जाऊ शकता ती. सोसायटीचं कुंपण, शाळेची मागची भिंत, रेल्वे कॉलनीतली जास्वंद. एकदा राष्ट्रीय उद्यानात जाऊन वीस सरडे बघण्यापेक्षा एकच सरडा वीस दिवस बघितलेला बरा. तो काय खातो ते त्यातूनच कळतं.

घराजवळ काहीच नसेल तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे (सोमवारी बंद), भायखळ्याची राणीची बाग आहे (बुधवारी बंद), आणि मिठी नदीच्या काठी धारावीला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, जिथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे. राणीच्या बागेत सगळे पेंग्विनकडे पळतात, त्यामुळे कडेच्या झुडपांपाशी तुम्हाला निवांतपणा मिळतो.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. सरड्याचं अंग स्वतःहून गरम राहत नाही. रात्री तो फांदीच्या अगदी टोकाला, बारीक काटकीवर झोपतो, आणि सकाळी आधी उन्हाला बसतो. अंग चपटं करतो, रंग गडद करतो, म्हणजे ऊन जास्त पकडता येतं. या वेळात त्याच्या नाकासमोरून मुंगी गेली तरी बऱ्याचदा तो हलत नाही. नवखा माणूस इथेच कंटाळून उठतो. थांबा. रंग फिका पडायला लागला, डोकं वर झालं, की दुकान उघडलं समजा. दुपारी तो सावलीत सरकतो. चारनंतर पुन्हा थोडी धावपळ असते, पण सकाळइतकी नाही.

पायरी ३: बसायचं कसं

तीन-चार मीटर लांब. उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं. तुमची सावली कुंपणावर पडता कामा नये, तो आधी सावलीलाच घाबरतो. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या हिशेबात शिक्रा किंवा खंड्या. हो, खंड्या. आपल्याला तो मासे खाणारा पक्षी म्हणून माहीत असतो, पण पांढऱ्या छातीचा खंड्या सरडा पकडून फांदीवर आपटताना मी स्वतः बघितलाय. भारद्वाज, कावळे, मांजरं, मुंगूस, धामण हे सगळे त्याच रांगेत. जेवताना सरडा सतत इकडेतिकडे का बघतो, याचं उत्तर या यादीत आहे.

पहिले दहा मिनिटं काही होणार नाही. मग तो तुम्हाला खांब समजायला लागेल.

नर मध्येच पुढच्या पायांवर वर-खाली होतो, गळा फुगवतो. हे जेवणाशी संबंधित नाही. शेजारच्या नराला किंवा मादीला दाखवायच्या त्या दंड-बैठका आहेत. वहीत वेगळ्या लिहा.

पायरी ४: ती सेकंदाची धाव

आता मुख्य गोष्ट. सरडा शिकार शोधत फिरत नाही. तो उंचशा जागी, जिथून खालची जमीन मोकळी दिसेल अशा ठिकाणी बसतो आणि वाट बघतो. आमच्या कुंपणाच्या मधोमध एक जुना लोखंडी खांब आहे, कमरेइतका उंच. मोठ्या नराची ती ठरलेली जागा. खाली लादी, लादीच्या फटीतून मुंग्यांची रांग, पलीकडे गवताचा पट्टा. चांगली जागा कुणाला नको? दोनदा लहान नर तिथे चढायला गेला आणि दोन्ही वेळा मार खाऊन उतरला.

त्याला दिसतं ते हललेलं. स्तब्ध किडा त्याच्यासाठी जवळजवळ नसल्यासारखाच. एका सकाळी खांबापासून हातभर अंतरावर, ड्युरांटाच्या काटकीला काटकीसारखीच चिकटलेली एक तपकिरी अळी होती. मला ती आधी दिसली. सरड्याने मान एकीकडे कलती केली, एका डोळ्याने तिच्या दिशेने बघितलं, आणि मान सरळ केली. सात-आठ मिनिटं गेली. अळीने पुढचा भाग उचलला, हवेत चाचपल्यासारखा हलवला. सरड्याची मान पुन्हा कलली, पण आता मागचे पाय अंगाखाली ओढलेले. पुढचं मला नीट दिसलंच नाही. खांब रिकामा, काटकी हललेली, आणि सरडा काटकीवर, तोंडाच्या एका बाजूने अळीचं टोक लोंबतंय. त्याने तिला जबड्यात दोन-तीनदा फिरवून चावली, मान वर करून आत ढकलली, मग तोंडाच्या दोन्ही कडा फांदीवर घासून पुसल्या, आपण जेवण झाल्यावर पंच्याला तोंड पुसतो तशा. आणि खांबाकडे परत.

एवढ्यात बघण्यासारखं काय काय होतं ते सांगते.

मान कलती होणं ही पहिली खूण. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे नीट बघायचं तर एक डोळा रोखावा लागतो. ही खूण ओळखता आली की पुढच्या सेकंदासाठी तुम्ही तयार असता. नव्वद टक्के चुकामूक इथेच थांबते. आकडा मनाचा आहे, पण खोटा नाही.

दुसरं, पकडायची पद्धत शिकारीच्या आकारावर ठरते. मुंगी, लहान भुंगा, माशी असेल तर तो जवळ जाऊन जीभ किंचित बाहेर काढतो, जिभेच्या ओल्या, चिकट टोकाला ती लागते आणि आत जाते. टिपून घेतो म्हणतात ना, अगदी तसं. नाकतोडा, मोठी अळी, चतुर असेल तर जीभ बाजूला आणि थेट जबडा. हे दोन्ही वेगळे ओळखायला आठवडाभर लागतो.

तिसरं, तो चावतो. पुष्कळांना वाटतं गिळतो. त्याचे बहुतेक दात जबड्याच्या कडेलाच जुळलेले असतात, पडून नवे येत नाहीत. पालीचे दात मात्र पुन्हा पुन्हा येतात. त्या कडेच्या दातांनी तो भुंग्याचं कवच फोडतो आणि मग गिळतो.

पायरी ५: काय खातो याची यादी, आणि तिच्यातल्या भानगडी

मुंग्या. यादीत सगळ्यात वर मुंग्याच, निदान आमच्या कुंपणावर. रांगेशेजारी बसून एकेक टिपत राहतो, कधी पंधरा-वीस सलग. त्यानंतर भुंगे, नाकतोडे, रातकिडे, अळ्या, पतंग, माश्या, कोळी, आणि पावसात पंख फुटलेली वाळवी. चतुर क्वचित, तो उडून सुटतो. लहान पाल किंवा सापसुरळीचं पिल्लू मिळालं तर तेही. मोठा सरडा स्वतःच्याच जातीचं पिल्लू गिळतो याच्याही नोंदी आहेत. पिल्लं मोठ्यांपासून लांब, गवतात बुटक्या जागी का बसतात ते मग कळतं.

माझ्या भाचीने खाली कंपाउंडात लिंबाच्या कुंडीत फुलपाखराच्या अळ्या वाढवायला घेतल्या होत्या. आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. तिचा हिशेब असा की त्यातून नीलवंत निघणार, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. पाच अळ्यांपैकी शनिवारपर्यंत दोन उरल्या. ती रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, तुझ्या सरड्याने खाल्ल्या.” माझा सरडा! मी म्हटलं, “बरं झालं, उरलेल्या दोन वर ने.” वर नेल्या, त्यातून निघालं ते लिंबावरचं नेहमीचं पिवळं-काळं फुलपाखरू. सरड्याला राज्य दर्जाशी घेणंदेणं नव्हतं आणि निसर्गालाही नव्हतं.

कडू फुलपाखरं तो खातो का, हा प्रश्न बराच जुना आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या फ्रँक फिन यांनी पक्ष्यांना आणि याच सरड्याला निरनिराळी फुलपाखरं खायला घालून बघितली. भडक रंगाची, कडू समजली जाणारी फुलपाखरं सातभाईंसारख्या पक्ष्यांना नकोशी होती. सरडा मात्र फारसे नखरे न करता ती खात होता. त्यामुळे रुईवरचं नारिंगी फुलपाखरू त्याच्या तोंडात दिसलं तर दचकू नका.

पाकळीचे किंवा पानाचे तुकडेही त्याच्या पोटात जातात. अळीबरोबर गेले की मुद्दाम खाल्ले, हे लांबून ठरवू नका. जास्वंदीवर तोंड मारलं असं दिसलं तर आधी पाकळीमागे काय होतं ते बघा.

पाणी तो वाटीतून पिताना मी बघितलेला नाही. पानावरचे थेंब चाटतो. माळीकाका झारीने पाणी घालून गेले की पाच मिनिटांत कुंपणावर जीभा चालू.

पायरी ६: लेंडी वाचायला शिका

इथे बरेच जण लेख बंद करतात. करू नका. समोर बसून जे दोन महिन्यांत कळत नाही ते एका लेंडीत असतं.

सरड्याच्या नेहमीच्या बैठकीखाली, भिंतीच्या माथ्यावर, कुंडीच्या कडेवर बघा. गडद तपकिरी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि एका टोकाला पांढरी टोपी. ती टोपी म्हणजे वाळलेली लघवी, युरिक आम्ल. पक्ष्याची शीट पसरते, हिला मात्र आकार असतो. पालीची अशीच पण बारीक, आणि ती ट्यूबलाइटखाली किंवा फोटोच्या फ्रेममागे सापडते.

प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उचला. बाटलीच्या झाकणात पाणी, त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब, त्यात ती अर्धा तास भिजू द्या. मग पांढऱ्या, जेवणासाठी परत कधीही न वापरायच्या बशीत टूथपिकने पसरवा. आमच्या घरी यासाठी कान तुटलेला कप आणि त्याची बशी वेगळी ठेवलीय, आणि त्यावरून घरात अजूनही बोलणी खावी लागतात. भिंगाखाली बघा.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मोहरीच्या फोडणीसारखं काहीतरी वाटलं. काळे, चकचकीत, गोल दाणे. भिंग नीट धरल्यावर प्रत्येक दाण्याला जबडा दिसला. मुंग्यांची डोकी होती ती, एका लेंडीत ४१ मोजली आणि थकून सोडून दिलं. त्यांच्यामध्ये भुंग्याच्या पंखकवचाचे हिरवट तुकडे, आणि करवतीसारखे काटे असलेला एक पाय, नाकतोड्याचा.

पण सावध. लेंडी खोटं बोलत नाही, अर्धं मात्र सांगते. टणक कवच पचत नाही म्हणून ते दिसतं. अळी, वाळवी, माशी यांचं मऊ अंग पचून जातं. अळीचं फार तर डोकं उरतं. त्यामुळे नुसत्या लेंडीवरून मोजलं तर सरडा मुंग्या-भुंग्यांवरच जगतो असं वाटेल. बाकड्यावरून बघितलेलं आणि बशीत बघितलेलं, दोन्ही जोडून वाचायचं.

काम झालं की बशी आणि हात साबणाने नीट धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. दुधात पाल पडली तर दूध फेकून द्यायचं ते याच कारणासाठी. पालीच्या अंगात विष नसतं.

पायरी ७: सापाच्या मावशीची रीत उलटी

सरडा बसून वाट बघतो, सापसुरळी फिरते. दोन पावलं पुढे, थांबली, जीभ बाहेर-आत, पुन्हा दोन पावलं. जिभेने ती वास गोळा करते आणि टाळूतल्या वासाच्या खास इंद्रियापर्यंत नेते, सापासारखंच. म्हणून दगडाखालचा, पाचोळ्याखालचा, न हलणारा किडाही तिला सापडतो. सरड्याला जे मिळत नाही ते हिला मिळतं, आणि एकाच कंपाउंडात दोघांचं जमतं ते त्यामुळेच.

तिला बघायची जागा म्हणजे कुंड्यांच्या ताटल्या, कंपोस्टचा खड्डा, भिंतीच्या पायथ्याचा पाचोळा. झुरळ, रातकिडा, कोळी, अळी, पावसात गांडूळ. झुरळ पकडलं की ती जमिनीवर घासते, झटकते, पाय आणि पंख गळून पडतात आणि मग उरलेलं गिळते. खाली नुसते पंख पडलेले दिसले तर इथे कुणीतरी जेवून गेलंय.

इथे माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी उंदरांसाठी पंपाच्या खोलीपाशी चिकटपट्टीचा सापळा ठेवायची कल्पना माझीच. उंदीर आला नाही. पट्टीवर चिकटलेले किडे खायला सापसुरळी गेली आणि पोटासकट चिकटली. ओढली असती तर कातडी निघाली असती. बोटाने थोडं थोडं खोबरेल तेल तिच्या अंगाखाली सोडत गेले, अर्ध्या तासाने सुटली. शेपूट मात्र तुटून पट्टीवर वळवळत राहिली. तिची शेपूट परत येते, आखूड का होईना. बागेतल्या सरड्याची तुटली तर परत येत नाही. त्यानंतर चिकटपट्टी आमच्या कंपाउंडात बंद.

पायरी ८: रात्रपाळी

ज्यांना सकाळी लोकल पकडायची असते त्यांनी पाल बघावी. जिन्यातली ट्यूबलाइट, रात्री आठनंतर. दिव्याच्या सगळ्यात जवळ मोठी पाल, लहान पाली कडेला. लहानीने पुढे यायचा प्रयत्न केला की पाठलाग. पतंग, डास, तुडतुडे, पावसात वाळवी. पालीला पापण्या नसतात, जेवण झाल्यावर ती जिभेने डोळे पुसते. कात टाकली की तीही खाऊन टाकते.

तिला गोडही आवडतं. मे महिन्यात ओट्यावर राहिलेल्या आंब्याच्या सालीपाशी पाल दिसली तर ती साल चाटायलाही आलेली असू शकते. आमच्याकडे एक गुळाच्या डब्याच्या झाकणावर यायची.

महिन्यांचा अंदाज

मार्च ते मे सरडे सगळ्यात सहज दिसतात, कारण नर रंगलेले आणि उंच बसलेले. जूनच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात. ती संध्याकाळ चुकवू नका. दिव्यांखाली पालींची पंगत बसते आणि दुसऱ्या सकाळी जमिनीवर पंख गळून सरपटणारी उरलेली वाळवी टिपायला सरडे उतरतात. इतकं खातात की पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसतं. पावसाळ्यात मादी मऊ ओल्या मातीत खड्डा करून दहा-वीस अंडी घालते, माती दाबून निघून जाते. साधारण सहा-सात आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून आपलं आपण खातात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी उशिरापर्यंत कुणी दिसत नाही. तेव्हा साडेदहाच्या आधी जाऊ नका, उगाच थंडीत चहा गार होतो.

खाऊ घालू का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नको. भात, पोळी, बिस्किट तर नकोच, पण दुकानातून आणलेल्या अळ्याही नकोत. सरड्याला माणसाच्या हाताची सवय लागली की मांजराचं काम सोपं होतं. आणि पकडून खोक्यात ठेवलेला सरडा पुष्कळदा खाणंच सोडतो; समोर रातकिडे नाचत असले तरी.

खाऊ घालायचंच असेल तर किड्यांना घाला. कुंपणाखालचा पाचोळा झाडून जाळू नका, फूटभर रुंदीचा पट्टा तसाच राहू द्या. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद लावा आणि चार पानं अळ्यांनी खाल्ली तर खाऊ द्या. सकाळी झाडांच्या मुळाशीच नव्हे, पानांवरही पाणी मारा.

आणि फवारणीवर लक्ष ठेवा. गेल्या वर्षी आमच्या कमिटीने एका कंपनीला बोलावलं, तिने झुरळांच्या नावाखाली अख्खं कुंपण औषधाने भिजवलं. महिनाभर खांब रिकामा होता. मुंग्यांची रांगही नव्हती. मीटिंगमध्ये मी बोलायला उठले तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, सरड्यांसाठी मेंटेनन्स द्यायचा का?” मी म्हटलं, “साहेब, ते फुकट पेस्ट कंट्रोल करतात, त्यांना आपण पैसे देऊन हाकलतोय.” आता फवारणी गटारापुरती होते. लेखी घेतलंय.

जखमी सरडा सापडला तर पाणी पाजायची, दूध पाजायची घाई करू नका. हवा जाईल अशा खोक्यात, सावलीत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अंगावर जखम नसलेलं, नुसतंच लहान पिल्लू रस्त्यात दिसलं तर ते हरवलेलं नाही. कागदावर घेऊन जवळच्या झुडपात सोडा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, ऊन की ढग, किती उंचीवर बसला होता, काय पकडलं, किती लांब धावला, परत त्याच जागी आला का. शिकारीचा आकार सेंटिमीटरमध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका. ‘डोक्यापेक्षा लहान’, ‘डोक्याएवढी’, ‘डोक्यापेक्षा मोठी’ एवढं पुरतं. ओळखता आलं नाही तर ‘काळं, उडणारं’ असं लिहा. फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, किडा ओळखणारे लोक तिथे भेटतात.

माझ्या वहीतली १४ सप्टेंबरची नोंद जशीच्या तशी: सकाळी ९.४०. ढगाळ, मध्येच ऊन. खांबावर मोठा नर. खांबापासून सहा पावलांवर, गवताच्या पात्यावर पिल्लू, काडेपेटीत मावेल एवढं. पिल्लाने एक मुंगी पकडली, डोक्याच्या निम्म्या आकाराची, तीनदा सोडली, चौथ्यांदा गिळली. मोठ्याची मान कलली. पिल्लू गवतात खाली गेलं. वॉचमनकाका म्हणाले, “वाचला बघा.” खुर्ची पुन्हा पुढे आलीय.